जीमॅट: भाचीचे कमी चुकले, तरी गुण कमी कसे?

सोनचाफा
दोन दिवस घरात हाच विषय चाललाय, म्हणून इथे विचारते. माझी भाची आमच्याकडे राहून जीमॅटची, म्हणजे एमबीए प्रवेशाच्या परीक्षेची, तयारी करतेय. रविवारी तिने आणि तिच्या मैत्रिणीने आमच्याच हॉलमध्ये समोरासमोर बसून अधिकृत साइटवरची मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली. दोघींची मॉक तीच, वेळ तीच. क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, भाचीचे ५ चुकले, मैत्रिणीचे ६. आणि गुण? भाचीला ७८, मैत्रिणीला ८१!

पोरीने तेव्हापासून पुस्तक उघडलेलं नाही. "मावशी, मशीनच ठरवतं तर मी अभ्यास कशाला करू?" म्हणते. मी बँकेत आयुष्य काढलं, हिशोब न जुळता घरी जायची सवय नाही. पण हा हिशोब मला जुळत नाहीये.

क्लासमध्ये त्यांना सांगितलंय की ही 'कॅट' पद्धतीची परीक्षा आहे, पहिले दहा प्रश्न जपून सोडवा, तिथेच गुण ठरतात. हे खरं का? आणि मधेच एखादा सोपा प्रश्न आला तर आधीचा चुकला असं समजायचं का? ती परीक्षेत सारखी हेच ताडत बसते. कृपया जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं.

चहाबाज
कॅट म्हणजे आयआयएमची ना? माझ्या मुलाने दिली होती, तिथे असलं काही नव्हतं. बरोबर उत्तराला ३, चुकलं की १ वजा.

अर्धविराम
चहाबाज, हा घोळ नावामुळे होतो. कॉम्प्युटर अडॅप्टिव्ह टेस्टचं लघुरूपही कॅटच. आयआयएमची कॅट २००९ पासून संगणकावर आहे, पण अडॅप्टिव्ह नाही. एका सत्रातल्या सगळ्यांना तेच प्रश्न. सत्रं तीन असल्यामुळे गुण एका पट्टीवर आणतात आणि मग पर्सेंटाइल काढतात. सोनचाफाताई विचारताहेत ते जीमॅटचं. तिथे तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न निवडला जातो. १९९७ पासून ही पद्धत आहे.

घाटावरचा
गेल्या वर्षी दिली आहे, त्यामुळे अनुभवाचं सांगतो.

आत्ताची जीमॅट नोव्हेंबर २०२३ पासूनची. तीन सेक्शन: क्वांटचे २१ प्रश्न, व्हर्बलचे (भाषेचे) २३, डेटा इनसाइट्सचे (तक्ते-आलेखांचे) २०. प्रत्येकी ४५ मिनिटं. सेक्शनचे गुण ६० ते ९० मध्ये, एकूण २०५ ते ८०५, आणि एकूण आकडा नेहमी ५ नेच संपतो. तिन्ही सेक्शनना सारखंच वजन आहे. जुन्या २०० ते ८०० च्या पट्टीवरचा ७०० आणि आत्ताचा ६४५ साधारण एका पायरीवर धरतात. तेव्हा कुणी काका "आमच्या वेळी मला ७०० होते" म्हणाले तर भाचीने घाबरू नये.

पहिल्या दहा प्रश्नांचं म्हणाल तर त्या सल्ल्यावर मी पूर्ण विसंबलो आणि तोंडघशी पडलो. माझ्याही क्लासमध्ये हेच शिकवलं होतं. सेंटरवर लॅमिनेट केलेली पिवळी वही आणि मार्कर देतात. त्या वहीवर मी पहिल्या दहा प्रश्नांचं प्रत्येक गणित दोनदा करून पडताळलं. मान वर केली तर २९ मिनिटं गेलेली. उरलेल्या १६ मिनिटांत ११ प्रश्न! मार्करचा हात थरथरत होता, ३ आणि ८ मधला फरक माझा मलाच कळेना. शेवटचे दोन प्रश्न पाहायलाही मिळाले नाहीत. व्हर्बल चांगलं जाऊनही एकूण आकडा मॉकपेक्षा कितीतरी खाली आला. १६ दिवसांनंतर पुन्हा देता येते. मी दोन महिने घेतले, वेळ सारखा वाटून सोडवला आणि मग जमलं.

गणित_मास्तर
सोनचाफाताई, तुमचा हिशोब जुळेल. त्यासाठी आधी "शंभरपैकी किती" ही सवय बाजूला ठेवू. बत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा थोडं लांबण लावतो.

डोळ्यांच्या डॉक्टरकडचा तक्ता आठवा. वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. समजा मी वरच्या ओळीतली दहापैकी आठ अक्षरं बरोबर वाचली आणि तुम्ही तीन ओळी खालच्या बारीक अक्षरांतली दहापैकी सहा वाचलीत. नजर कुणाची चांगली? तुमचीच. माझी दोन चुकली आणि तुमची चार, तरीही. तुम्ही किती अक्षरं वाचलीत याची बेरीज डॉक्टर करत नाहीत. कुठल्या ओळीवर तुम्ही अडखळू लागता ते बघतात आणि तो तुमचा नंबर.

अडॅप्टिव्ह परीक्षा हेच करते. मधल्या ओळीपासून सुरुवात. नीट वाचलंत तर खालची ओळ, अडखळलात तर वरची. काही प्रश्नांत ती तुमच्या आसपास येते आणि मग तिथेच घुटमळते. म्हणजे ज्या प्रश्नांवर तुमचं "येतंय की नाही" असं होतं, असेच प्रश्न ती तुमच्यापुढे ठेवत राहते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, हुशार मुलाचेही बरेच प्रश्न चुकतात, कारण त्याला त्याच्या तोडीचे प्रश्न दिलेले असतात. दोन, परीक्षा सगळ्यांनाच अवघड गेल्यासारखी वाटते. बाहेर आल्यावर "कशी गेली?" याला काही अर्थ राहत नाही.

आता यामागचं गणित. त्याला आयटम रिस्पॉन्स थिअरी म्हणतात. डेन्मार्कचे जॉर्ज रॅश, अमेरिकेत ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेतले फ्रेडरिक लॉर्ड, अ‍ॅलन बर्नबॉम अशा मंडळींनी १९५० आणि ६० च्या दशकांत ती उभी केली. तिच्या एका प्रचलित रूपात प्रत्येक प्रश्नाच्या तीन खुणा असतात. पहिली काठिण्यपातळी. दुसरी पारख, म्हणजे येणारा आणि न येणारा यांना तो प्रश्न किती स्वच्छ वेगळं करतो. तिसरी, काहीच येत नसताना अंदाजपंचे उत्तर बरोबर यायची शक्यता. तुमची क्षमता अमुक असेल तर अमुक प्रश्न बरोबर यायची शक्यता किती, हे या तीन खुणांवरून काढता येतं. शेवटी उलटा विचार करतात: या व्यक्तीची ही सगळी उत्तरं पाहता, तिची क्षमता किती धरली तर ती सर्वांत जास्त पटते? तोच आकडा मग ६० ते ९० च्या पट्टीवर बसवला जातो.

म्हणून तुमच्या हॉलमधल्या दोघींनी "तीच मॉक" दिली हे खरं नाही. मॉक तीच असली तरी प्रश्न वेगवेगळे आले असणार. एकीचे ५ आणि दुसरीचे ६ यांची तुलना तुमच्या शाखेचे रुपये आणि दुसऱ्या शाखेचे डॉलर मोजून "ह्यांच्याकडे जास्त नोटा" म्हणण्यासारखी आहे.

चहाबाज
मास्तर, चष्म्याचं उदाहरण झकास. पण एक पटत नाही. दोघांना वेगवेगळे प्रश्न आणि मग एकाच यादीत क्रम? हा न्याय कसा? एकाच वर्गात एकाला सोपा पेपर आणि दुसऱ्याला अवघड दिला तर पालक शाळेवर मोर्चा नेतील!

एडिसनकर
चहाबाज, माझ्या घरी याच वाक्यावर रडारड झाली आहे. आम्ही न्यू जर्सीत. लेकीने मार्चमध्ये सॅट, म्हणजे इथली कॉलेजप्रवेशाची परीक्षा, दिली. अमेरिकेत सॅट २०२४ च्या मार्चपासून पूर्ण डिजिटल झाली, बाहेरच्या देशांत एक वर्ष आधीच. तिथे प्रश्नागणिक बदल नाही, मॉड्यूलागणिक, म्हणजे प्रश्नांच्या एकेका गटागणिक, आहे. वाचन-लेखनाची २७ प्रश्नांची दोन मॉड्यूल, गणिताची २२ ची दोन. पहिल्या मॉड्यूलमध्ये सोपे-मध्यम-अवघड सगळे मिसळलेले. ते कसं गेलं यावरून दुसरं मॉड्यूल सोपं मिळणार की अवघड हे ठरतं. सोपं मिळालं की वरचे गुण हाताबाहेर जातात, तिथे सगळे बरोबर आले तरी.

लेक गाडीत बसली ती रडतच. "बाबा, दुसरं गणित मला सोपं गेलं, म्हणजे मी खालच्या वाटेला गेले." दोन आठवडे घरात सुतक. निकाल आला तर गणितात ७६०. ती अवघड मॉड्यूललाच गेली होती, फक्त तिची तयारी चांगली होती म्हणून सोपं वाटलं!

त्यात प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन प्रश्न असे असतात जे गुणांत धरतच नाहीत. ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहायचे असतात, आणि कोणते ते विद्यार्थ्याला कळत नाही. मग एका प्रश्नावरून अंदाज बांधायचाच कशाला?

गणित_मास्तर
एडिसनकरांनी माझं अर्धं उत्तर दिलं. चहाबाज, न्याय त्या चाचपणीतच आहे. नवा प्रश्न आधी हजारो खऱ्या परीक्षार्थींना बिनगुणांचा देतात. कोणत्या पातळीच्या किती जणांना तो आला हे पाहून त्याच्या तीन खुणा ठरतात. मगच तो मोजमापात येतो. म्हणजे प्रश्न वेगळे असले तरी प्रत्येकाचं वजन आधी करून ठेवलेलं आहे. वाण्याकडे एकाने किलोचं माप वापरलं आणि दुसऱ्याने पाव किलोची चार, तरी साखर तेवढीच.

शिवाय सगळ्यांना तेच प्रश्न देण्यातही धोका आहे. १९९३ मध्ये जीआरई, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, संगणकावर अडॅप्टिव्ह झाली आणि रोज घेता येऊ लागली. १९९४ मध्ये कॅप्लान या शिकवणी कंपनीने आपली माणसं परीक्षेला बसवली. त्यांनी प्रश्न डोक्यात साठवून बाहेर आणले आणि तेच तेच प्रश्न पुन्हा येतात हे ईटीएसला दाखवून दिलं. प्रकरण कोर्टात गेलं. असं होऊ नये म्हणून एकच प्रश्न किती जणांपुढे जाऊ द्यायचा यावरही मर्यादा घालाव्या लागतात. त्यामुळे पुढचा प्रश्न फक्त काठिण्य पाहून निवडला जात नाही. बीजगणित किती झालं, अंकगणित किती झालं, हा प्रश्न आजवर किती वेळा दिला गेलाय, हे सगळं बघितलं जातं. म्हणून भाचीला सांगा, सोपा प्रश्न आला म्हणजे आधीचा चुकला असं अजिबात नाही. कदाचित फक्त शेकडेवारीची पाळी आली असेल.

निशिगंध
मग आपली एमएचटी-सीईटी अडॅप्टिव्ह आहे का? माझ्या मुलाच्या सत्राचा पेपर अवघड होता आणि मित्राच्या सत्राचा सोपा, असं सगळे म्हणत होते.

अर्धविराम
नाही. तिथे एका सत्रात सगळ्यांना सारखाच पेपर, आणि तुमची तुलना तुमच्याच सत्रातल्या मुलांशी होऊन पर्सेंटाइल निघतं. जेईई मेनलाही तसंच. तुमच्या सत्रातल्या शंभरातल्या किती जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी, तो आकडा. सत्र अवघड असेल तर सगळ्यांचेच गुण उतरतात, म्हणून तुमचं स्थान हलत नाही. यात संगणक पेपर दाखवतो एवढंच, प्रश्न निवडत नाही.

रानजाई
अवांतर होईल, पण राहवत नाही. मी टोरंटोत नर्स आहे. आमची एनक्लेक्स प्रवेशाची नाही, परवान्याची परीक्षा, पण १९९४ पासून अशीच अडॅप्टिव्ह. आणि तिथे गुणच नसतात, फक्त पास किंवा नापास. आता कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. उमेदवार रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री पटली की मशीन थांबतं.

माझं ८५ ला थांबलं. ८५ वा प्रश्न औषधाच्या मात्रेचा होता, उत्तर दाबलं आणि पडदा कोरा. इतकी चांगली की इतकी वाईट? बाहेर येऊन बसस्टॉपवर बसले तर हातमोजे घालायचंही भान नव्हतं, फेब्रुवारीचा महिना. सोबतची मल्याळी मैत्रीण १५० पर्यंत गेली होती, ती म्हणाली, "माझं तर संपतच नव्हतं, मी गेले." दोघी पास झालो. ती रेषेजवळ होती म्हणून मशीनला जास्त विचारावं लागलं, एवढंच.

सोनचाफाताई, भाचीला जवळ बसवून जेवू घाला आधी. परीक्षा चालू असताना मशीनच्या मनात काय चाललंय हे ओळखायच्या नादात माझे पाच-सहा प्रश्न तरी वाया गेले असतील.

फोंडेकर
मी गोव्यातून. जीआरई दिलीय, म्हणून एक भर घालतो. भाचीने जीआरईच्या मित्रांचे सल्ले जीमॅटला लावू नयेत. जीआरई २०११ पासून सेक्शनागणिक बदलते. आता क्वांट आणि व्हर्बल दोन्हीचे १२ आणि १५ प्रश्नांचे दोन-दोन सेक्शन, गुण १३० ते १७०. सेक्शनच्या आत सगळ्या प्रश्नांना सारखंच वजन. तिथे प्रश्न सोडून पुढे जाता येतं, परत येता येतं. म्हणून आधी सोपे उरकून घ्यायचे ही तिथली खरी युक्ती.

जीमॅटमध्ये उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. सेक्शनच्या शेवटी वेळ उरला तर मागे जाऊन जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. दोन्ही परीक्षांत चुकीला वजाबाकी नाही. आणि दोन-तीन भागांच्या प्रश्नात सगळे भाग बरोबर असले तरच गुण, अर्धे गुण नाहीत.

घाटावरचा
मास्तर, पण एक शंका राहतेच. सुरुवातीला मशीनला आपल्याबद्दल काहीच माहीत नसतं, म्हणजे पहिल्या प्रश्नांनी अंदाज जोरात हलतो. मग क्लासवाले पूर्ण चूक म्हणायचे का?

गणित_मास्तर
अंदाज जोरात हलतो हे खरं. पण तो चालू अंदाज पुढचा प्रश्न निवडण्यापुरता. शेवटचा आकडा काढताना सगळी उत्तरं एकत्र धरतात. त्या हिशोबात तिसरा प्रश्न आणि विसावा प्रश्न यांत क्रमामुळे फरक पडत नाही. पहिले दोन चुकले आणि तुम्हाला वरची सोपी ओळ मिळाली, तर पुढची उत्तरं बरोबर देत तुम्ही पुन्हा खाली येताच. "पहिल्या दहात सगळं ठरतं" हा समज चुकीचा असल्याचं खुद्द जीमॅटवाल्यांनीही सांगितलंय.

खरा फटका वेगळाच. सुरुवातीला वेळ उधळला की शेवटी आपल्या आवाक्यातले प्रश्न घाईत चुकतात. आवाक्यातला सोपा प्रश्न चुकणं हा भक्कम पुरावा धरला जातो. अवघड चुकणं अपेक्षितच असतं, त्याने फारसं बिघडत नाही. तुक्क्याने अवघड बरोबर आला तर त्याचाही फार फायदा होत नाही, कारण ती शक्यता तिसऱ्या खुणेत आधीच धरलेली आहे.

निशिगंध
हे वाक्य मी लिहून ठेवलं. आवाक्यातला चुकू द्यायचा नाही.

अर्धविराम
मूळ प्रश्नाकडे येतो. सोनचाफाताई, भाचीचे ५ चुकले म्हणता, पण तिने २१ च्या २१ सोडवले होते का?

सोनचाफा
थांबा, विचारते.

सोनचाफा
१९ सोडवले. शेवटचे दोन राहिले होते! "ते चुकले नाहीत, राहिले," म्हणून तिने मोजलेच नव्हते.

गणित_मास्तर
अर्धविराम, शाबास. हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारायला हवा होता. ताई, जीमॅटमध्ये सेक्शन अपुरा सोडला तर त्याचा दंड बसतो, आणि तो चुकीच्या उत्तरापेक्षाही महाग पडतो. वजाबाकी नसल्यामुळे शेवटच्या मिनिटात उरलेल्यांना काहीतरी उत्तर देऊन सेक्शन पूर्ण करणं केव्हाही बरं. आता एक करा. दोघींचे चुकलेले प्रश्न शेजारी शेजारी ठेवून बघा.

सोनचाफा
काल रात्री दोन्ही लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवून बसलो. मैत्रीणही आली होती. २१ पैकी चारच प्रश्न दोघींना सारखे आलेले.

मैत्रिणीचे सहा चुकलेले प्रश्न मी पाहिले, त्यातले चार आम्हा तिघींना मिळूनही सुटले नाहीत. भाचीच्या पाचांपैकी तीन मी स्वतः सोडवले! एक चक्रवाढ व्याजाचा, एक दोन दरांच्या मालाच्या मिश्रणाचा, एक रांगेत किती माणसं असा. तिथे तिने प्रत्येकी ४० सेकंदही दिलेले नाहीत, आणि तिसऱ्या प्रश्नावर सव्वापाच मिनिटं. का विचारलं तर म्हणाली, "पहिल्या दहातला होता ना मावशी."

तो आकडा तिने स्वतः पडद्यावर बोट ठेवून वाचला आणि गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मला येत होतं." ते ऐकून मला फार बरं वाटलं.

रानजाई, जेवली हो. भरली वांगी आणि दोन भाकऱ्या. आज सकाळी तिने वहीच्या कोपऱ्यात वेळ मांडलाय: ७ प्रश्न, १५ मिनिटं, १४ प्रश्न, ३० मिनिटं, २१ प्रश्न, ४५ मिनिटं. मी स्वयंपाकघरातलं टायमर घड्याळ तिला देऊन टाकलं. रविवारी दोघी दुसरी मॉक देणार आहेत, पुन्हा हॉलमध्येच.

घाटावरचा
तिसऱ्या प्रश्नावर सव्वापाच मिनिटं! माझाच तिसरा प्रश्न आठवला. तिला सांगा, अडीच मिनिटं झाली की उत्तर दाबून खूण करून ठेवायची. शेवटी वेळ उरला तर त्या तीन बदलांपैकी एक तिथे वापरता येतो.

सोनचाफा
सांगितलं. वहीत तेही लिहिलंय.